पिल्लांच्या पोटाची सोनोग्राफी : नव्या पशुवैद्यांसाठी

मोठ्या लॅब्रॅडॉरच्या पोटावर सोनोग्राफी शिकलेला हात आठशे ग्रॅमच्या पिल्लावर आला की दोन चुका हमखास होतात. प्रोब दाबला जातो, आणि पडद्यावर थोडे पाणी किंवा ठसठशीत लसिकाग्रंथी दिसताच अहवालात आजार लिहिला जातो. या वयात दोन्ही गोष्टी निरोगी पोटातही दिसतात. पुढची माहिती जन्मापासून साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांसाठी आहे. प्रोब हातात धरता येतो आणि मोठ्या जनावराचे यकृत, मूत्रपिंड, मूत्राशय ओळखता येते, एवढे गृहीत धरले आहे.

टेबलावर घेण्याआधी

मोठ्या कुत्र्याला आपण रात्रभर, आठ ते बारा तास उपाशी ठेवायला सांगतो. दूध पिणाऱ्या पिल्लाला तसे सांगितले तर ते साखर उतरून गळून जाईल, कारण त्याच्या यकृतात साठा फार थोडा असतो. सहा-आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला एक, फार तर दोन तास पुरेत. दोन ते चार महिन्यांच्या पिल्लाला तीन-चार तास. पाणी बंद करू नका. पिल्लू मलूल असेल तर टेबलावर घेण्याआधी ग्लुकोमीटर लावा. आकडा ६० मिग्रॅच्या खाली असेल तर सोनोग्राफी थांबू शकते, साखर थांबू शकत नाही. ५० टक्के डेक्स्ट्रोज हिरड्यांवर चोळा, शिरेतून द्यायचे तर पातळ करून द्या. मात्र अंग ३५ अंशांच्या खाली गार पडलेले असेल तर तोंडाने दूध पाजू नका. गार पिल्लाचे आतडे चालत नाही आणि दूध फुप्फुसात जाण्याची भीती असते. आधी ऊब, मग दूध.

उबेचा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाचे तापमान मुळातच ३५ ते ३७ अंशांच्या आसपास असते, आणि ओले पोट, थंड जेल व डोक्यावर एसी यांनी ते दहा मिनिटांत घसरते. म्हणून एसी बंद करा आणि टेबलावर गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा. हिटिंग पॅड उघड्या अंगाला लावू नका, पिल्लाला सरकून दूर जाता येत नाही आणि कातडी भाजते. जेलची बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. बाळाचे दूध पाहतो तसा एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघा. मोठ्या जनावराला आपण सर्रास स्पिरिट ओततो, पण पिल्लाला नको. ते उडताना अंग गार करते, पेट घेऊ शकते आणि काही प्रोबच्या रबराला तडे पाडते. केस भिजवायला कोमट पाण्याचा बोळा चालतो.

केस किती कापायचे? नवजात पिल्लाचे पोट जवळजवळ उघडेच असते, तिथे क्लिपरची गरज नाही. पर्शियन किंवा पॉमेरेनियनच्या दोन महिन्यांच्या पिल्लाला मात्र ४० नंबरच्या ब्लेडने उरोस्थीच्या टोकापासून ओटीपोटापर्यंत पट्टा काढा. बाजूला बरगडीच्या कडेपर्यंतच जा. जास्त कापाल तितकी ऊब जाईल. ब्लेड तापले असेल तर थांबा, पिल्लाची कातडी कागदासारखी असते.

यंत्र लावणे

१० ते १८ मेगाहर्ट्झचा लिनिअर प्रोब असेल तर बहुतेक काम त्यानेच करा. पिल्लाचे पोट तीन-चार सेंटिमीटर खोल असते. एवढ्या अंतरात जास्त फ्रिक्वेन्सीचा आवाज शोषून संपत नाही आणि आतड्याचे थर स्वच्छ सुटे दिसतात. बरगडीखालून यकृत पाहायला लिनिअरचा सपाट चेहरा बसत नाही, तिथे ८ ते १० मेगाहर्ट्झचा मायक्रोकॉन्व्हेक्स घ्या. फक्त माणसांच्या पोटाचा ३.५ मेगाहर्ट्झचा मोठा प्रोब हाताशी असेल तर पिल्लाची आतडी पाहण्याच्या भानगडीत पडू नका. त्यात मूत्राशय, मोठे पाणी आणि फुगलेले मूत्रपिंड यापलीकडे भरवशाने काही कळत नाही. आणि यंत्र अजून विकत घ्यायचे असेल तर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालच्या नोंदणीबाबत आपल्या भागातल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे आधी लेखी विचारणा करा, विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर राहू नका.

डेप्थ ४ सेंटिमीटरवर ठेवून सुरुवात करा. अवयवाने पडद्याचा दोन-तृतीयांश भाग भरला पाहिजे. तळाचा अर्धा पडदा टेबल आणि पाठीचा कणा दाखवत असेल तर डेप्थ जास्त आहे. फोकस अवयवाच्या मध्यावर किंवा किंचित खाली. गेन ठरवायला मूत्राशय किंवा पित्ताशय वापरा. आतला द्रव पूर्ण काळा दिसेपर्यंत गेन उतरवा, मग वरच्या आणि खालच्या पट्ट्या टीजीसीने, म्हणजे खोलीनुसार गेन बदलणाऱ्या सरकपट्ट्यांनी, सारख्या करा. गेन चढा राहिला तर लघवीत नसलेला गाळ दिसू लागतो.

पिल्लाला मऊ फोमच्या खाचेत पाठीवर झोपवा. मदतनिसाने एका हाताने पुढचे पाय आणि दुसऱ्याने मागचे पाय सैल धरायचे, ताणायचे नाहीत. श्वास लागलेला असेल तर पाठीवर झोपवूच नका, कुशीवर किंवा उभे ठेवूनही पोट पाहता येते. आई शांत असेल तर तिला जवळ बसू द्या. रडणारे पिल्लू हवा गिळते आणि दोन मिनिटांत जठर हवेने भरून पुढचे काही दिसत नाही. गुंगीचे औषध सहसा लागत नाही. दिलेच तर लक्षात ठेवा, ॲसिप्रोमाझीनने प्लीहा फुगते आणि झायलाझीनने आतड्याची हालचाल मंदावते. मग हालचाल पाहून काढलेला निष्कर्ष औषधाचा असतो, रोगाचा नाही.

प्रोब पेनासारखा धरा, करंगळी पिल्लाच्या अंगावर किंवा फोमवर टेकवा. वजन करंगळीने पेलायचे, पोटाने नाही. दाब बरोबर आहे का हे कळायला सोपी खूण आहे: प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये जेलचा दोन-तीन मिलिमीटरचा काळा पट्टा पडद्याच्या वर दिसत राहिला पाहिजे. तो नाहीसा झाला की तुम्ही दाबत आहात. दाबले की मूत्राशय बाजूला सरकते, पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृतात रक्त नेणारी शीर) आणि महाशीर चपट्या होतात आणि थोडे मोकळे पाणी असेल तर तेही प्रोबखालून पसरून जाते.

क्रम

पुस्तकी क्रम यकृतापासून सुरू होतो. पिल्लात मूत्राशयापासून सुरू करा, कारण हात लागताच ते मुततात आणि मग ती खिडकी गेली. लहान पिल्लाच्या मागच्या बाजूला ओला बोळा फिरवायचे काम शेवटी ठेवा, त्या स्पर्शानेच लघवी सुटते.

लांबीच्या छेदात प्रोबवरची खूण डोक्याकडे, आडव्या छेदात पिल्लाच्या उजवीकडे. म्हणजे पडद्याच्या डावीकडे अनुक्रमे डोके आणि पिल्लाची उजवी बाजू येते. प्रत्येक अवयव दोन्ही छेदांत पाहायचाच. एका छेदात गोळा वाटणारी गोष्ट दुसऱ्यात नळी निघते.

मूत्राशयाची भिंत ते बऱ्यापैकी भरलेले असतानाच मोजा. रिकाम्या मूत्राशयाची भिंत नेहमीच जाड दिसते. तळाशी दिसणारा धूसर गाळ खरा की भास, हे पिल्लाला कुशीवर वळवून कळते: खरा गाळ आणि खडे नव्या तळाशी घरंगळतात, भास प्रोबसोबत फिरतो. मांजरांच्या लघवीत तरंगणारे बारीक ठिपके बऱ्याचदा चरबीचे थेंब असतात. न पाळी आलेल्या मादीचे गर्भाशय सहसा दिसत नाही, शोधत बसू नका.

तिथून डावीकडे वर जा. प्लीहा कातडीखालीच असते, बारीक पोताची आणि यकृतापेक्षा उजळ. तिच्या पलीकडे डावे मूत्रपिंड. उजवे मूत्रपिंड यकृताच्या खाचेत, बरगडीखाली वर सरकलेले असते, ते खालून मिळाले नाही तर शेवटच्या दोन बरगड्यांमधून पाहा. मूत्रपिंडाचा आतला भाग पिल्लांत खूप काळा दिसतो, त्याला पाणी भरलेले मूत्रपिंड समजू नका. पाणी भरते ते मधल्या पेल्विसमध्ये, म्हणजे लघवी गोळा होते त्या पोकळीत, आणि तिथली काळी जागा एकसंध असते, आतला भाग मात्र उजळ रेषांनी तुकड्यांत विभागलेला असतो. बाहेरचा थर यकृताइतका किंवा किंचित जास्त उजळ दिसला एवढ्यावरून मूत्रपिंडाचा विकार लिहू नका. सलाईन चालू असलेल्या पिल्लात दोन्ही पेल्विस दोन मिलिमीटरपर्यंत उघडलेल्या दिसू शकतात, म्हणून अहवालात सलाईनची नोंद हवी.

यकृत पिल्लात शरीराच्या मानाने मोठे असते आणि बरगडीच्या कडेबाहेर येते. पहिल्या काही दिवसांत बेंबीपासून यकृताकडे जाणारी नाळेच्या शिरेची उरलेली नळी मध्यरेषेत दिसते, ती स्वाभाविक आहे. उपाशी पिल्लाचे पित्ताशय मोठे असतेच. मांजरात ते दोन कप्प्यांचेही असू शकते. पडद्यावर श्वासपटलापलीकडे, म्हणजे छातीकडच्या बाजूला, दुसरे यकृत दिसले तर घाबरून हर्निया लिहू नका. हवा भरलेल्या फुप्फुसावरून आवाज आरशासारखा परत येतो आणि यकृताचे प्रतिबिंब पडते. खरा हर्निया असेल तर श्वासपटलाची उजळ रेघ तुटलेली दिसते आणि कोन बदलल्यावरही यकृत छातीतच राहते.

आतडी, इथे वेळ घाला

पिल्लांची सोनोग्राफी बहुतेक वेळा उलट्या-जुलाबासाठीच होते, तेव्हा अर्धा वेळ आतड्यांना द्या.

आधी भिंत ओळखा. आतून बाहेर पाच पट्टे: पोकळीला लागून उजळ रेघ, मग जाड काळा थर, मग उजळ, मग बारीक काळा आणि सर्वांत बाहेर उजळ. आतला जाड काळा थर म्हणजे म्यूकोसा (आतले अस्तर), निरोगी आतड्यात तोच सर्वांत जाड. २० किलोंखालच्या पूर्ण वाढलेल्या कुत्र्यात ड्युओडेनमची (जठरानंतरच्या पहिल्या आतड्याची) भिंत ५ आणि मधल्या आतड्याची ४ मिलिमीटरपर्यंत, मोठ्या मांजरात आतडे सुमारे २ ते २.५ मिलिमीटर. पिल्लाचे आकडे याहून कमी असतात, त्यामुळे मोठ्यांच्या तक्त्यात बसले म्हणून बरे आहे असे होत नाही. शेजारच्या वेटोळ्याशी तुलना जास्त कामाची. माप बाहेरच्या उजळ रेघेच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या रेघेपर्यंत घ्या, आणि आतडे आकसलेले नसताना. आकुंचनाच्या क्षणी गोठवलेल्या चित्रावर कॅलिपर लावला की भिंत दीडपट होते. ड्युओडेनमच्या भिंतीत मेसेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) विरुद्ध बाजूला दिसणारे छोटे खळगे अल्सर नसतात, ते पेयर्स पॅच, म्हणजे भिंतीतल्या लसिकापेशींचे पुंजके, आहेत आणि पिल्लांत ठळक दिसतात.

मग प्रोब एका जागी स्थिर ठेवा आणि घड्याळ लावून एक मिनिट नुसते बघा. जठर आणि ड्युओडेनम मिनिटाला चार-पाच वेळा आकसतात, मधले आतडे एक ते तीन वेळा. हे एक मिनिट नवखा माणूस नेहमी वाचवतो आणि नेमके तिथेच निदान निसटते. पार्व्होत आतडी पाण्याने भरलेली, सुस्त पडलेली असतात, म्यूकोसा पातळ झालेला आणि त्यात उजळ ठिपके दिसतात. हे चित्र सर्व वेटोळ्यांत सारखे असते. अडथळ्यात मात्र दोन प्रकारची वेटोळी दिसतात: अडथळ्याच्या आधीची फुगलेली, आत द्रव मागे-पुढे हेलकावे खाणारा, आणि पुढची रिकामी, चपटी. हे दिसले की फुगलेले वेटोळे पकडून त्याच्यामागे जात राहा, टोकाला कारण सापडते.

पिल्लांत ते कारण बऱ्याचदा आतड्यात आतडे शिरणे, म्हणजे इंटससेप्शन, असते. जंत, पार्व्हो किंवा कुठलाही जोराचा जुलाब त्याला निमित्त होतो, आणि ते जास्त करून लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथे घडते. आडव्या छेदात चकत्यांमध्ये चकत्या, मध्ये चंद्रकोरीसारखी उजळ चरबी, कारण आत शिरलेले आतडे आपली मेसेंटरी ओढून नेते. लांबीच्या छेदात समांतर पट्ट्यांची चळत. फसगत दोन ठिकाणी होते. रिकामे आकसलेले जठर आडव्या छेदात गाडीच्या चाकासारखे दिसते, आणि मांजराचे आयलिओकोलिक तोंडही आरे असलेल्या चाकासारखेच. दोन्ही ठिकाणी चरबीची उजळ कोर नसते आणि थर मोजले तर पाचच भरतात. इंटससेप्शन छोटे, पातळ भिंतीचे आणि वरचे आतडे न फुगलेले असेल तर पिल्लाला लगेच शस्त्रक्रियेला पाठवू नका. वीस-तीस मिनिटांनी पुन्हा पाहा, काही आपोआप सुटतात. मोठे असेल तर रक्तप्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉप्लर लावा. आतल्या भिंतीत रक्तप्रवाह दिसला तर आतडे वाचण्याची आशा जास्त. दिसला नाही म्हणून मेलेच असे मात्र नाही, लहान पिल्लात डॉप्लरची सेटिंगही चुकलेली असू शकते.

गिळलेली वस्तू म्हणजे एक ठळक उजळ वक्र रेघ आणि तिच्याखाली स्वच्छ काळी सावली. वायूखालची सावली मळकट, राखाडी असते आणि आतडे हलले की तिचा आकार बदलतो. उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात मक्याचा बुरकुंडा हे नेहमीचे पाहुणे. कुत्र्याचे पिल्लू दोन्ही आनंदाने गिळते. मांजराच्या पिल्लाची आवड दोऱ्याची असते, मग तो गजऱ्याचा असो की मांजाचा. दोरा पडद्यावर बारीक उजळ रेघ म्हणून दिसेल किंवा दिसणारही नाही. दिसते ते आतडे: परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर कापड गोळा होते तसे ते दोऱ्यावर चुण्या घेऊन बसलेले असते. असे चित्र दिसताच प्रोब ठेवा आणि जिभेखाली पाहा, दोऱ्याचे एक टोक बऱ्याचदा तिथे अडकलेले असते. ते ओढू नका, आतडे कापले जाते.

गोल जंत रुळांसारख्या दोन समांतर उजळ रेषांनी ओळखता येतात, आडव्या छेदात छोटी कडी. नीट पाहिले तर ते वळवळतात. त्यांचा गुंता दिसला आणि पिल्लू अशक्त असेल तर जंताचे औषध कोणते व किती हे जरा विचार करून ठरवा, एकदम मेलेल्या जंतांचा गठ्ठाही अडकतो.

ड्युओडेनमचा वरचा भाग आणि पायलोरस (जठराचे आतड्याकडचे तोंड) हवेने झाकला असेल तर पिल्लाला उजव्या कुशीवर वळवा. हवा डावीकडे वर जाते, द्रव पायलोरसमध्ये उतरतो, आणि प्रोब टेबलाच्या बाजूने खालून लावला की तो भाग उघडा पडतो.

आता ते पाणी आणि त्या लसिकाग्रंथी. वेटोळ्यांच्या फटींत पातळ, पूर्ण काळ्या त्रिकोणी जागा एवढेच पाणी निरोगी पिल्लात मिळू शकते. मेसेंटरीच्या मुळाशी असलेल्या लसिकाग्रंथीही या वयात मोठ्या, काळपट आणि कधी दुरंगी असतात. त्यांची लांबी वाढली तर ठीक, पण रुंदी लांबीच्या निम्म्याहून जास्त झाली, म्हणजे ती शेंगेऐवजी लिंबासारखी दिसू लागली, भोवतालची चरबी पांढरी झाली, तर मात्र लक्ष द्या. पाणी ढगाळ असेल, त्यात कण तरंगत असतील किंवा पहिल्यापेक्षा दुसऱ्या दिवशी वाढले असेल तर २३ गेजच्या सुईने नमुना घ्या. मांजरात पिवळसर, चिकट, तार धरणारे पाणी आले तर एफआयपीच्या (मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणाऱ्या पेरिटोनायटिसच्या) दिशेने तपासण्या सुरू करा.

जन्मजात दोष

खुरटलेले पिल्लू, खाल्ल्यावर तासा-दोन तासांत भिंतीला डोके टेकवून उभे राहणे, मांजरात सतत लाळ, अशा इतिहासासोबत यकृत लहान आणि मूत्रपिंडे मोठी दिसली तर पोर्टोसिस्टेमिक शंटचा, म्हणजे आतड्यांकडचे रक्त यकृताला वगळून नेणाऱ्या आडवाटेच्या शिरेचा, विचार करा. मूत्राशयात खडे आहेत का पाहा. अमोनियम युरेटचे खडे साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात. कुत्र्यात उजवीकडून, दहाव्या ते बाराव्या फटीतून आडवा छेद घेतला की महाधमनी, महाशीर आणि पोर्टल व्हेन एका चित्रात येतात. पोर्टल व्हेनचा व्यास महाधमनीच्या ०.६५ पट किंवा त्याहून कमी भरला तर यकृताबाहेरच्या शंटचा संशय बळकट होतो, ०.८ पट किंवा जास्त असेल तर तो शंट बहुधा नाही. यकृताच्या आतला शंट या मापाने वगळता येत नाही. हे माप दाबलेल्या प्रोबने घेतले तर निरुपयोगी, कारण शीर चपटी होते, धमनी होत नाही. नवख्याने ‘शंट नाही’ असे लिहू नये. ‘दिसला नाही, बाइल ॲसिड तपासावे’ असे लिहावे. आठवड्याभराच्या आतल्या पिल्लात डक्टस व्हेनोसस (गर्भात यकृताला वळसा देणारी शीर) अजून पुरती बंद झालेली नसू शकते, तिला शंट म्हणू नका.

पर्शियन मांजराच्या पिल्लाचे मूत्रपिंड पाहायला लोक आठ आठवड्यांचे असतानाच आणतात. पाण्याच्या गाठी (सिस्ट) दिसल्या तर पॉलिसिस्टिक विकार आहे. दिसल्या नाहीत तर एवढ्यात निर्वाळा देऊ नका: १६ आठवड्यांना सोनोग्राफी सुमारे ७५ टक्के आजारी पिल्ले पकडते, ३६ आठवड्यांना ९१ टक्के. विक्रीपूर्वी खात्री हवी असेल तर जनुकीय चाचणी सांगा. सतत लघवी ठिबकणाऱ्या मादी पिल्लात मूत्रपिंडाची पेल्विस आणि मूत्रवाहिनी फुगलेली आहे का ते पाहा. कलर डॉप्लरमध्ये मूत्राशयाच्या मानेजवळ दोन्ही बाजूंनी लघवीची पिचकारी उडताना दिसली नाही तर मूत्रवाहिनी भलतीकडे उघडत असल्याचा संशय धरा. मांजराचे पिल्लू याच वेळी घुरघुरू लागले की पडदाभर रंग सांडतो. नळ सोडा, पाण्याच्या आवाजाने बऱ्याच मांजरांची घुरघुर थांबते.

संपल्यावर

पंधरा मिनिटांत हात थांबवा. काही राहिले असेल तर पिल्लाला पुसून, ऊब देऊन, दूध पाजून पुन्हा घ्या. जेल कोरड्या कापडाने पूर्ण टिपा, ओल्या पोटाने पिल्लू आईकडे देऊ नका.

प्रोबकडे सर्वांत दुर्लक्ष होते. पार्व्होचा विषाणू साध्या क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशकाने मरत नाही आणि स्पिरिटनेही नाही. तोच प्रोब लसीकरणाला आलेल्या पुढच्या पिल्लावर गेला तर आजार तुम्ही दिला. जुलाबाची पिल्ले दिवसाच्या शेवटी घ्या, प्रोबवर जेल घालून हातमोजा चढवा, वायरलाही पातळ प्लास्टिक गुंडाळा. टेबल आणि फोमच्या आवरणाला ब्लीच चालते, एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात, दहा मिनिटे ओले ठेवून. प्रोबला मात्र यंत्राच्या पुस्तिकेत परवानगी असलेलेच द्रावण लावा, ब्लीचने रबर सुटते. जेलची बाटली पोटाला टेकवून पिळायची सवय असेल तर ती आजच सोडा.

अहवालात वय, वजन, किती वेळ उपाशी, सलाईन चालू होते का, औषध दिले का, हे आधी. मग प्रत्येक अवयवाचे वर्णन. जो दिसला नाही त्याच्यापुढे ‘नॉर्मल’ लिहू नका, ‘वायूमुळे दिसला नाही’ लिहा. आतड्याच्या प्रत्येक मापाशेजारी कुठल्या वेटोळ्याचे ते नोंदवा, म्हणजे दोन दिवसांनी तेच वेटोळे पुन्हा मोजता येईल.